पवित्र सप्ताहाचं वेळापत्रक : पत्रक, फ्लेक्स आणि व्हॉट्सॲप मेसेज गोंधळ न होता कसे बनवायचे

पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, आला की बऱ्याच धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) तेच होतं. पत्रकावर एक वेळ, फ्लेक्सवर दुसरी, ग्रुपवर फिरणाऱ्या इमेजमध्ये तिसरी, आणि मग लोक ऑफिसला फोन करून विचारतात, "फादर, शुक्रवारची उपासना तीनला की साडेतीनला?" डिझाइन वाईट असतं म्हणून हे होतं असं नाही. मजकूर पक्का व्हायच्या आधीच कुणीतरी मोबाईलवर कॅन्व्हा हे डिझाइनचं ॲप उघडून सूर्योदय, कबुतर आणि क्रूस लावून ठेवलेला असतो, आणि मग उरलेल्या जागेत वेळा कोंबल्या जातात.

खाली वसईकडच्या मराठी कॅथलिक धर्मग्रामाचं उदाहरण धरून सगळा क्रम दिलाय, २०२७ च्या तारखांसकट. तुमची मंडळी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट असेल तर मिस्साच्या (कॅथलिक उपासनाविधीच्या) जागी उपासना आणि फादरच्या जागी पाळकसाहेब समजा. विधींचे नियम तुमचे वेगळे असतील, कामाचा क्रम तोच राहील.

## टप्पा १ : माणूस आणि तारखा ठरवा

एक माणूस. कमिटी नाही, एक माणूस. बदल कुणीही सुचवो, गायनमंडळ, युवा संघ, विभागप्रमुख, तो बदल या एकाच माणसाकडे यायचा आणि त्याच्याकडूनच पुढे जायचा. त्याच्यावर अंतिम शब्द प्रमुख धर्मगुरूंचा, आणि तो तोंडी घ्यायचा नाही, प्रिंटवर सही घ्यायची. फोनवर "हो हो बरोबर आहे" म्हणणारा माणूस त्या वेळी गाडी चालवत असतो किंवा आजाऱ्याला भेटायला निघालेला असतो, त्याने खरंच वाचलेलं नसतं.

मग तारखा उलट्या मोजा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) २१ मार्चला. पत्रक लोकांच्या हातात त्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे १४ मार्चला पडलं पाहिजे. त्यासाठी प्रेसला फाइल ५ मार्चपर्यंत गेली पाहिजे, आणि मजकूर २८ फेब्रुवारीला बंद झाला पाहिजे. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे, कामाला तेव्हाच बसायचं. झावळ्यांच्या रविवारीच पत्रक वाटलं तर त्या दिवशी न आलेली घरं पूर्ण सप्ताहाला मुकतात, आणि नेमक्या त्याच घरांना माहितीची जास्त गरज असते.

## टप्पा २ : मजकुराचा एकच मूळ तक्ता

कॅन्व्हा बंद. साधी गूगल शीट किंवा वहीचं पान घ्या आणि रकाने पाडा: वार, तारीख, वेळ, काय आहे, कुठे आहे (चर्चमध्ये, मैदानात, कुठल्या गावच्या क्रुसाजवळ), भाषा, सोबत काय आणायचं, कुणी वेगळं लवकर यायचं का. पुढे जे काही बनेल ते याच तक्त्यातून उचलायचं. पत्रकावरून बघून फ्लेक्स आणि फ्लेक्सवरून बघून मेसेज असं केलंत की चूक एका जागेवरून सगळीकडे जाते.

"सोबत काय आणायचं" हा रकाना बहुतेक जण विसरतात आणि लोकांना सगळ्यात जास्त तोच हवा असतो. झावळ्या चर्चमध्ये मिळणार की घरून आणायच्या? ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीला मेणबत्ती विकत मिळणार का, कागदी कप लावलेली असावी का? पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुणार आहेत त्यांनी किती वाजता, कुठे बसायचं? एकेक ओळ पुरते.

आता चुका नेहमी कुठे होतात ते बघा, हा भाग सावकाश वाचा.

वार आणि तारीख दोन्ही लिहा. "शनिवार, २७ मार्च." नुसता वार किंवा नुसती तारीख असेल तर चूक पकडायला काहीच साधन राहत नाही, दोन्ही असले की न जुळणारं लगेच दिसतं.

रात्रीची वेळ. "२५ डिसेंबर, रात्री १२ वाजता" असं नाताळच्या पत्रकावर आलं की निम्मे लोक २५ ची रात्र समजतात. २४ च्या रात्रीचा विधी २४ तारखेखालीच लिहा, "गुरुवार, २४ डिसेंबर २०२६, रात्री ११.३० वाजता" असं, आणि १२ हा आकडा शक्यतो टाळा. ईस्टरच्या आदल्या रात्रीलाही हाच नियम.

गुड फ्रायडेला मिस्सा नसते. त्या दिवशी असते ती प्रभूच्या दुःखसहनाची उपासना. तरी दरवर्षी कुठेतरी "गुड फ्रायडे मिस्सा ३.०० वा." असं छापून येतं, कारण वरच्या ओळी कॉपी करून खाली पेस्ट केलेल्या असतात.

जागरणविधी अंधार पडल्यावरच सुरू होतो. शनिवारी सायंकाळी सहा लिहिलं असेल तर थांबा आणि फादरांना विचारा, मार्चअखेरीला आपल्याकडे सहाला लख्ख उजेड असतो.

लाऊडस्पीकर. विधी मैदानात असेल तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस रात्री १२ पर्यंत सूट देतं, पण आपला दिवस त्या यादीत आहे का ते वेळ छापायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

उपवासाचा नियम. छापायचाच असेल तर नीट छापा. गुड फ्रायडेला मांसवर्ज्य १४ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उपवास १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला सूट असते ही ओळ जरूर टाका. म्हाताऱ्या माणसांना ती कुणीच सांगत नाही आणि गोळ्या चालू असताना ती उपाशी राहतात.

> तपासा : तक्ता घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कॅलेंडरवर बोट ठेवायचं. मग सही. सहीनंतर बदल फक्त टप्पा ८ च्या पद्धतीने.

## टप्पा ३ : टायपिंग आणि फॉन्ट

मराठी चर्चचं निम्मं काम इथे बिघडतं. चर्चच्या जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाइली असतात, त्यातला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात. म्हणून मूळ तक्ता युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा टायपिंगमध्ये, टाईप करा. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात तर तसाच वापरू नका, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

सॉफ्टवेअर मराठी नीट दाखवतंय का हे बघायला ही ओळ टाकून बघा:

ख्रिस्त, क्रूस, पुनरुत्थान, आशीर्वाद, येणाऱ्या, धर्मगुरूंच्या, ॲडव्हेंट

"ख्रि" ची वेलांटी भलत्या जागी गेली, "ऱ्या" चा "र्या" झाला किंवा "ॲ" च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट बदला किंवा सेटिंग बदला. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर आणि फोटोशॉपमध्ये वर्ल्ड रेडी लेआऊट चालू करावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात.

मजकुराला मुक्ता, हिंद किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या, तिन्ही फुकट आहेत आणि लहान आकारातही वाचता येतात. शीर्षकाला बलू किंवा टिरो देवनागरी मराठी चालेल. दोन फॉन्टच्या पुढे जाऊ नका. मराठीत ठळक करायचं असेल तर वजन वाढवा, तिरकी अक्षरं नकोत, आणि अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र सढळ ठेवा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडली की वाचणारा अडखळतो.

स्पेलचेक मराठीत फारसं कामाला येत नाही, म्हणून डोळ्यांनी शोधायचे शब्द: "आर्शिवाद" नाही, आशीर्वाद. "पुर्नरुत्थान" नाही, पुनरुत्थान. बायबलचं वचन देत असाल तर आठवणीतून टाईप करू नका, समोर पुस्तक उघडून अक्षर न् अक्षर जुळवा आणि अध्याय-ओवी लिहा.

## टप्पा ४ : छापील पत्रक

एक ए-फोर कागद मध्ये दुमडला की ए-फाइव्हची चार पानं मिळतात, तेवढी वेळापत्रकाला भरपूर. पहिल्या पानावर सप्ताहाचं नाव, धर्मग्रामाचं नाव, वर्ष. आतल्या दोन पानांवर सलग वेळापत्रक, म्हणजे पत्रक उघडलं की सगळे दिवस एकदम दिसतात आणि फ्रीजवर चिकटवता येतं. मागच्या पानावर कन्फेशनच्या वेळा, आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) हवा असेल तर कुणाला कळवायचं ते, गाड्या कुठे लावायच्या. धर्मगुरूंचा संदेश द्यायचा तर तोही मागेच, आणि लहान. पहिलं पान भरून संदेश आणि वेळा कोपऱ्यात, हे करू नका.

आकार: वेळा १४ पॉइंटच्या खाली नकोत. पत्रक सगळ्यात जास्त साठीच्या पुढची माणसं वाचतात, बाकीचे मोबाईलवर बघतात.

क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखमार्गावरच्या प्रार्थनांची, पुस्तिका करत असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी, ८, १२, १६. चौदा स्थानं आहेत म्हणून चौदा पानं केलीत की पिना मारताना दोन कोरी पानं येतात.

प्रेसला फाइल देताना बघायच्या गोष्टी:

- चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा रंग, कापताना पांढरी कड राहू नये म्हणून.
- मजकूर कडेपासून निदान ८-१० मिलिमीटर आत.
- फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआय. व्हॉट्सॲपवरून आलेला चर्चचा फोटो चालणार नाही, मूळ फोटो ज्याच्या कॅमेऱ्यात आहे त्याच्याकडून मागवा.
- काळा मजकूर फक्त काळ्या शाईत. चारही शाया मिळून काळा केला असेल तर छपाई जराशी सरकली तरी बारीक मात्रा आणि अनुस्वार धूसर होतात. स्क्रीनवर हे कधीच दिसत नाही.
- पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलेले (फाइलमध्येच बसवलेले) किंवा अक्षरांचे कर्व्ह केलेले (अक्षरांचं चित्र झालेले). कर्व्ह केलेली कॉपी वेगळी सेव्ह करा, नाहीतर नंतर एक अक्षर बदलायचं तरी सगळं नव्याने.

थोड्या प्रती असतील तर डिजिटल प्रिंट, शेकड्यांत गेल्या की ऑफसेट परवडायला लागतं, प्रेसवाल्याकडून दोन्ही भाव घ्या. साधा ७०-८० जीएसएमचा कागद पुरतो.

एक माझं स्पष्ट मत. वाटायच्या पत्रकावर पानभर प्रभू येशूचा चेहरा छापू नका. मिस्सा संपल्यावर बाकांखाली आणि गेटबाहेर ही पत्रकं पडलेली असतात, त्यावरून पाय जातात, आणि लोकांना ते बघवत नाही. साधा क्रूस, झावळी, मेणबत्ती किंवा आपल्याच चर्चचं रेखाचित्र घ्या.

> सावधान : प्रेसमधून आलेला पहिला कागद हातात घेऊन, मूळ तक्ता शेजारी ठेवून वाचा. मोबाईलवर आलेला प्रुफचा फोटो बघून "ओके" करू नका.

## टप्पा ५ : फ्लेक्स

फ्लेक्स रस्त्यावरून जाताना वाचला जातो, त्यामुळे त्यावर पूर्ण वेळापत्रक नको. सप्ताहाचं नाव, चार मुख्य दिवस आणि त्यांच्या वेळा, बस. अंदाज असा धरा की दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान एक इंच उंच, तीस फुटांवरून तीन इंच. पांढऱ्यावर पिवळं आणि काळ्यावर लाल लांबून वाचता येत नाही. फाइल पूर्ण आकाराला ७२ ते १०० डीपीआय पुरते.

शुभेच्छुकांचे फोटो हा नाजूक विषय आहे, पण आधीच ठरवा: वेळापत्रकाच्या फ्लेक्सवर एकही माणसाचा फोटो नाही. एकाचा लावला की दहा जणांचे येतात. आणि चर्चच्या आवाराबाहेर लावायचा असेल तर महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या, विजेच्या खांबाला बांधू नका.

## टप्पा ६ : व्हॉट्सॲप

आता लोक सगळ्यात जास्त इथेच बघतात, म्हणून पत्रकाचं पीडीएफ ढकलून मोकळे होऊ नका. ए-फाइव्हचं पान मोबाईलवर आलं की दोन बोटांनी मोठं करत बसावं लागतं.

प्रत्येक मुख्य दिवसाची वेगळी इमेज करा, चौकोनी १०८० × १०८० पिक्सेल, स्टेटससाठी उभी १०८० × १९२०. एका इमेजवर एकच दिवस. आणि इमेजसोबत तोच मजकूर टाईप करूनही पाठवा. इमेजमधलं काही सर्चमध्ये सापडत नाही, डोळ्यांनी अधू असलेल्यांचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही, आणि नेट मंद असेल तर ती उघडतही नाही. मेसेज असा:

*पवित्र गुरुवार*
गुरुवार, २५ मार्च २०२७
सायंकाळी ६.३० वाजता, चर्चच्या मैदानात
पाय धुण्याचा विधी आणि मिस्सा. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत चर्चमध्ये आराधना.
गाड्या शाळेच्या पटांगणात लावा.

(धर्मग्रामाचं नाव आणि वेळ तुमची टाका, घडण बघा.)

"आज", "उद्या", "परवा" हे शब्द मेसेजमध्ये लिहायचेच नाहीत. बुधवारी टाकलेलं "उद्या सायंकाळी ६.३० ला" शुक्रवारी तिसऱ्या ग्रुपवरून फिरत येतं आणि कुणीतरी शनिवारी जाऊन उभा राहतो. फॉरवर्ड झालेला मेसेज एकटाच फिरतो, म्हणून धर्मग्रामाचं नाव आणि पूर्ण तारीख प्रत्येक मेसेजमध्ये हवीच.

घोषणांचा ग्रुप वेगळा ठेवा, तिथे फक्त ॲडमिनला लिहिता यावं. गप्पांच्या ग्रुपवर तुमचा मेसेज गुड मॉर्निंगखाली गाडला जातो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो.

वाचायचा कंटाळा असलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ करा, गावात ओळखीच्या आवाजात, आणि जमत असेल तर सामवेदी किंवा वाडवळी या वसईकडच्या बोलीत. याचा उपयोग किती होतो ते एकदा करूनच बघा.

मृत्यूची सूचना. सगळ्यात घाईत लिहिली जाणारी आणि सगळ्यात जास्त वाचली जाणारी सूचना हीच. तिचा साचा तयार ठेवा: पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव आणि आळी, घरून निघायची वेळ, चर्चमधली वेळ, कुठली दफनभूमी. वसईत एका गावात एकाच आडनावाची चाळीस घरं असतात, त्यात नावंही तीच, आळी लिहिली नाही तर जिवंत माणसाच्या घरी लोक रडत जातात. घरच्यांनी होकार दिल्याशिवाय पोस्ट करायची नाही. आणि पवित्र सप्ताहात हे विशेष बघा की पवित्र गुरुवारपासून ईस्टरच्या रविवारपर्यंत अंत्यविधीची मिस्सा होत नाही, मिस्साविना प्रार्थनाविधी होतो, त्यामुळे साच्यातला "मिस्सा" हा शब्द त्या दिवसांत काढावा लागतो.

## टप्पा ७ : लाइव्ह आणि क्यूआर

यूट्यूबवर लाइव्ह असेल तर लिंक आदल्या दिवशीच शेड्यूल करून पाठवा आणि शीर्षकात विधी, तारीख, धर्मग्राम. वेळेपुढे "भारतीय वेळ" लिहा. आपली पुष्कळ माणसं आखातात आहेत, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत आणि सौदी अडीच तास मागे. थंबनेल १२८० × ७२०, त्यावर पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नको. विधी सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डेड गाणी लावू नका, कॉपीराइटच्या दाव्याने प्रक्षेपण मध्येच बंद पडू शकतं, आपल्याच गायनमंडळाचा सराव लावा किंवा शांत ठेवा.

क्यूआर कोड पत्रकावर २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी, आणि फुकटच्या "डायनॅमिक" साइटवरून बनवू नका, मुदत संपली की छापलेला कोड निकामी. तो दानाचा असेल तर स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं ते तीन वेगळ्या ॲपवर बघा. धर्मग्रामाच्या खात्याचंच नाव यायला हवं, कुणा व्यक्तीचं नाही. छापून चिकटवलेल्या कोडवर कुणी दुसरं स्टिकर लावलेलं नाही ना, हे त्या आठवड्यात रोज सकाळी बघा.

> सावधान : दानाचं आवाहन लाइव्हवर टाकलं की ते परदेशातही दिसतं. ज्यांच्याकडे परदेशी नागरिकत्व आहे, ओसीआय कार्डवाले आपलेच नातेवाईक धरून, त्यांचं दान एफसीआरए कायद्याखाली विदेशी योगदान ठरतं आणि नोंदणी नसेल तर घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर बाहेर काम करणाऱ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेलं दान त्यात येत नाही. ट्रस्टच्या सीएला दाखवून दोन ओळी आवाहनाखाली टाका.

मुलांचे फोटो, मग ते झावळ्या घेतलेले असोत की देवदूताच्या पोशाखातले, आईवडिलांना विचारल्याशिवाय पेजवर टाकू नका, आणि नाव, शाळा, इयत्ता तर मुळीच नको.

## टप्पा ८ : वेळ बदलली तर, आणि सप्ताह संपल्यावर

बदल होतोच. जुनी इमेज दुरुस्त करून परत पाठवलीत तर दोन्ही फिरतात आणि कुठली खरी ते कुणालाच कळत नाही. बदलाची इमेज रंगाने ठळक वेगळी करा, वर मोठ्याने "बदल" लिहा, जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही द्या, खाली बदल कधी केला ती तारीख. जुनी पोस्ट सगळीकडून डिलीट करा. मिस्सानंतरच्या घोषणेत सांगा, आणि चर्चच्या दारावर हाताने लिहिलेला कागद लावा, कारण शेवटी माणूस दारातच येऊन उभा राहतो. तक्त्यातही बदल त्याच वेळी टाका.

ईस्टरनंतरच्या सोमवारी फ्लेक्स उतरवा, पिन केलेले मेसेज काढा, पेजवरचं कव्हर बदला. त्या आठवड्यात ऑफिसला लोकांनी फोन करून काय काय विचारलं त्याची यादी ऑफिसात बसणाऱ्यांकडून घ्या आणि तक्त्याच्या खाली जोडा, पुढच्या पत्रकात काय कमी पडलं ते त्यात स्वच्छ दिसतं. फाइल जपून ठेवा, पण पुढच्या वर्षी, राखेचा बुधवार १ मार्च २०२८ ला आहे, तेव्हा जुन्या फाइलमधल्या तारखा नुसत्या बदलू नका. डिझाइन तेच वापरा, तारीख-वार-वेळेचे रकाने पूर्ण पुसा आणि कॅलेंडर समोर ठेवून पुन्हा भरा.